ऐच्छिक कर्नल-सुविधा आणि प्रारंभ-आज्ञावलीचे परावलंबन : 'सिस्टमडी'चा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर प्रवेशाची चौकट दिसेपर्यंत जे घडते, त्याकडे सामान्य वापरकर्त्याचे लक्ष जात नाही. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात या काळात प्रथम कर्नल, म्हणजे यंत्रसामग्री आणि इतर आज्ञावल्या यांना जोडणारा गाभा, स्मृतीत येतो. त्यानंतर तो एक आज्ञावली सुरू करतो. तिला १ हा प्रक्रिया-क्रमांक मिळतो आणि उरलेली सर्व व्यवस्था तीच उभी करते. ही आज्ञावली मध्येच संपली तर कर्नल संपूर्ण यंत्राचे कामकाज थांबवतो. इतक्या पायाभूत स्थानी असलेल्या आज्ञावलीने कर्नलच्या ऐच्छिक सुविधांवर अवलंबून राहावे काय, हा २०१० नंतरच्या काळात मोठ्या वादाचा विषय ठरला. प्रस्तुत लेखात 'सिस्टमडी' या प्रारंभ-आज्ञावलीच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

ऐच्छिकतेचे स्वरूप

लिनक्स कर्नल बांधताना त्यातील अनेक सुविधांबाबत निवड करता येते. सुविधा कर्नलमध्येच समाविष्ट करणे, गरज पडल्यास जोडता येईल असा स्वतंत्र भाग म्हणून ठेवणे किंवा ती पूर्णपणे वगळणे, असे पर्याय बांधणाऱ्यापुढे असतात. घरगुती राउटरपासून महासंगणकापर्यंत एकच कर्नल वापरला जातो, तो या लवचीकतेमुळे. अल्प स्मृतीच्या उपकरणासाठी कर्नल बांधणारा तंत्रज्ञ अनावश्यक भाग गाळतो. मात्र त्याच्या दृष्टीने अनावश्यक असलेला भाग प्रारंभ-आज्ञावलीने गृहीत धरलेला असेल, तर यंत्र सुरूच होत नाही. एखाद्या अभ्यासक्रमात विषय ऐच्छिक ठेवायचा आणि अनिवार्य प्रश्नपत्रिका मात्र तो विषय सर्वांनी घेतला आहे असे मानून काढायची, असा हा प्रकार होय. कागदोपत्री ऐच्छिकता शिल्लक राहते. व्यवहारात ती संपुष्टात येते.

पूर्वपद्धती आणि तिची मर्यादा

सिस्टमडीपूर्वी बहुतेक लिनक्स वितरणांत युनिक्सच्या 'सिस्टम फाइव्ह' परंपरेतील प्रारंभ-पद्धती रूढ होती. तिच्या कर्नलकडून अपेक्षा अत्यल्प होत्या. प्रत्येक सेवेसाठी एक छोटी लिपी असे आणि सुरू झालेल्या सेवेचा प्रक्रिया-क्रमांक एका फाइलमध्ये नोंदवला जाई. तथापि पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवा स्वतःची प्रत काढून मूळ प्रक्रिया संपवतात. अशा वेळी नोंदवलेला क्रमांक आणि प्रत्यक्ष चालणारी प्रक्रिया यांचा मेळ राहीलच याची हमी नसे. सेवा बंद केल्यावरही तिच्या काही उपप्रक्रिया मागे राहत. उबुंटूने २००६ मध्ये आणलेल्या 'अपस्टार्ट'ने सेवा किती वेळा आपली प्रत काढते याचा माग ठेवण्याचा मार्ग स्वीकारला. परंतु ती संख्या चुकीची सांगितली गेली की मागही चुके. तात्पर्य, जुनी पद्धत स्वावलंबी होती, पण स्वतः सुरू केलेल्या सेवांची खात्रीशीर ओळख तिच्याजवळ नव्हती.

सिस्टमडीची भूमिका

लेनार्ट पोटरिंग यांनी एप्रिल २०१० मध्ये सिस्टमडीची संकल्पना जाहीर केली. प्रक्रियांचा माग ठेवण्यासाठी तिने कर्नलमधील 'कंट्रोल ग्रुप' या सुविधेचा आधार घेतला. गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये ज्यावर काम सुरू केले, ती ही सुविधा २००८ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या २.६.२४ या कर्नलमध्ये दाखल झाली. तिच्यानुसार एका गटात सुरू झालेल्या प्रक्रियेची सर्व अपत्ये आपोआप त्याच गटात राहतात. त्यामुळे सेवेने कितीही प्रती काढल्या तरी तिचे कुळ ओळखता येते.

येथे एक तपशील लक्षणीय आहे. सिस्टमडीच्या दस्तऐवजात ही सुविधा अनिवार्य म्हटली असली, तरी तिच्यातील प्रोसेसर, स्मृती इत्यादींचे नियंत्रक वगळले तरी चालतील, असेही नमूद केले आहे. म्हणजे अनिवार्यता प्रक्रियांच्या गटवारीपुरतीच मर्यादित ठेवली आहे. जे काम प्रारंभ-आज्ञावलीला स्वबळावर विश्वासार्हपणे साधत नव्हते, त्यापुरते कर्नलचे साहाय्य घेणे हे परावलंबन समर्थनीय मानावे लागते. त्याच दस्तऐवजात आयपीव्ही-६ व 'ऑटोएफएस' या सुविधा शिफारस केलेल्या गटात येतात. त्या नसतील तर संबंधित काम होत नाही. यंत्र मात्र सुरू होते.

परावलंबनाचे मूल्य

या भूमिकेची दुसरी बाजूही तपासली पाहिजे. सिस्टमडी केवळ लिनक्ससाठी आहे आणि तिच्या कर्त्यांनी हे कधी लपवलेले नाही. परंतु डेबियन हा प्रकल्प त्या काळी फ्रीबीएसडीच्या कर्नलवरही आपले वितरण बांधत होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीने लिनक्ससाठी सिस्टमडी ही मूलभूत निवड ठरवली. एप्रिल २०१५ च्या आठव्या आवृत्तीत फ्रीबीएसडी कर्नलवरील वितरणाला अधिकृत स्थान उरले नव्हते. याचे खापर एकट्या सिस्टमडीवर फोडणे अतिशयोक्त ठरेल. तरीही दुसऱ्या कर्नलवर चालूच न शकणारी प्रारंभ-आज्ञावली मध्यवर्ती झाल्याने त्या प्रयत्नाची वाट अधिक अरुंद झाली, हे नाकारता येत नाही. या निर्णयाशी असहमत असलेल्यांनी 'डेवुआन' हे वेगळे वितरण उभारले आणि २०१७ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली.

'ओपनआरसी' ही प्रारंभ-प्रणाली याच संदर्भात तुलनेस घेता येते. कंट्रोल ग्रुप उपलब्ध असल्यास ती त्यांचा उपयोग करते, नसल्यास जुन्या पद्धतीने काम चालवते. त्यामुळे ती अधिक ठिकाणी चालते. परंतु सेवा पूर्णतः बंद झाली याची हमी प्रत्येक ठिकाणी सारखी राहत नाही. शिवाय प्रत्येक ऐच्छिक सुविधेमागे 'आहे' आणि 'नाही' या दोन्ही स्थिती तपासाव्या लागतात. अशा दहा सुविधा असतील तर १०२४ संयोग संभवतात. ते सर्व तपासले जातील अशी अपेक्षा कोणत्याही स्वयंसेवी प्रकल्पाकडून करता येणार नाही. क्वचितच वापरली जाणारी पर्यायी वाट तपासणीअभावी नादुरुस्त राहते आणि ऐन अडचणीच्या वेळी उपयोगी पडत नाही. सर्वत्र चालणे हा गुण खरा, परंतु त्याचेही मूल्य द्यावे लागते.

अपयशाची रीत

परावलंबनाइतकाच महत्त्वाचा प्रश्न, आधार न मिळाल्यास आज्ञावली कशी वागते, हा आहे. कंट्रोल ग्रुपची दुसरी आवृत्ती २०१६ मध्ये ४.५ या कर्नलमध्ये स्थिर झाली. सिस्टमडीने दीर्घकाळ दोन्ही आवृत्त्या सांभाळल्या. २०२४ च्या २५६ व्या आवृत्तीपासून मात्र जुन्या आवृत्तीवर यंत्र सुरू करण्यास तिने नकार द्यायला आरंभ केला. तरीही कर्नलला एक विशिष्ट सूचना देऊन तो नकार टाळण्याची सोय ठेवली होती. २०२५ च्या २५८ व्या आवृत्तीत जुना आधार पूर्णपणे काढला गेला. पूर्वसूचना, तात्पुरती पळवाट आणि नंतर समाप्ती हा क्रम योग्यच म्हटला पाहिजे. याउलट, एखादी अत्यावश्यक सुविधा नसल्यास एखादी ओळ छापून यंत्र गोठून राहणे, ही रीत तज्ज्ञाला कदाचित पुरेल. पण ज्याच्यासमोर तो संगणक आहे त्याला त्यातून मार्ग सापडत नाही. प्रथम क्रमांकाच्या प्रक्रियेला दुसरा कोणी सावरणारा नसतो. म्हणूनच तिच्या अपयशातही किमान दुरुस्तीपुरता प्रवेश मिळण्याची शक्यता राखली जाणे अगत्याचे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून, प्रारंभ-आज्ञावलीने ऐच्छिक सुविधांवर अवलंबून राहूच नये हा आग्रह टिकत नाही. तसा आग्रह धरला असता तर सेवांचा अचूक माग ही उपलब्धी हाती लागली नसती. तथापि सोयीपोटी स्वीकारलेले परावलंबन आणि अपरिहार्यतेतून आलेले परावलंबन यांत भेद करणे आवश्यक आहे. जी सुविधा नसेल तर आज्ञावलीचे मूळ कार्यच अशक्य होते, तीच अनिवार्य मानावी आणि तसे स्पष्टपणे जाहीर करावे. कंट्रोल ग्रुपबाबत सिस्टमडी या निकषावर उतरते. अन्य सुविधांच्या अभावी मात्र तेवढेच काम थांबावे, यंत्र थांबू नये. प्रारंभ-आज्ञावली एखादी सुविधा अनिवार्य ठरवते तेव्हा कर्नल बांधणाऱ्या प्रत्येकाच्या वतीने निर्णय घेते. तो अधिकार तिला वापराच्या प्रसारामुळे मिळाला आहे. त्याचा वापर जितका काटकसरीने होईल, तितकी कर्नलची ऐच्छिकता अर्थपूर्ण राहील.