‘जसेच्या तसे’ या पदबंधाचा अर्थ

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. ते ‘जसेच्या तसे’ उभारावे, असा आग्रह तत्काळ व्यक्त झाला. या पदबंधात मात्र एक संदिग्धता आहे. ‘तसे’ हे सार्वनामिक विशेषण सापेक्ष असते. त्याच्या ‘जसे’चा निर्देश कोणत्या काळाकडे, हे ठरल्यावाचून त्यास अर्थ प्राप्त होत नाही. तो शाहू महाराजांनी १९१५ साली सिद्ध केलेल्या पॅलेस थिएटरकडे आहे, की पुढे केशवरावांचे नाव धारण केलेल्या व वेळोवेळी नूतनीकरण झालेल्या वास्तूकडे?

पुनर्निर्मिती व जतन या संज्ञांची गल्लत येथेच होते. जळालेल्या लाकडाच्या जागी बसविलेले लाकूड ही प्रतिकृती होय; उरलेले दगडी बांधकाम हा पुरावा होय. जुने कोणते व नवे कोणते, हे पुढील अभ्यासकास ओळखता आले पाहिजे; अन्यथा हुबेहूबपणा हीच इतिहासाची दिशाभूल ठरेल.

शिवाय ‘जसे’ची व्याप्ती चार भिंतींपुरती नाही. लगतचे खासबाग मैदान १९१२ चे. कुस्ती आणि संगीत नाटक यांना एकाच राजाश्रयाने शेजार दिला. तो शेजार हाही वारशाचा घटक आहे. तसेच केशवरावांच्या काळी नटाचा आवाज ध्वनिवर्धकाविना प्रेक्षकांपर्यंत पोहोचत असे. नव्या छताखाली तो तसा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल काय, ही ‘तसे’ या शब्दाची खरी कसोटी होय.