‘स्टॅनब्रुक’ : एका सुटकेच्या कथेची चिकित्सा

प्रस्तावना

पदवी स्तरावर युरोपचा इतिहास शिकविताना स्पेनचे यादवी युद्ध (१९३६-३९) हे बहुधा दुसऱ्या महायुद्धाची रंगीत तालीम म्हणून उरकले जाते. त्यात सामान्य माणसांच्या वाट्याला काय आले, हे ‘स्टॅनब्रुक’ या ब्रिटिश मालवाहू आगबोटीच्या इतिहासातून स्पष्ट होते. २८ मार्च १९३९ च्या रात्री ही बोट अलिकान्ते बंदरातून २,६३८ निर्वासितांना घेऊन निघाली आणि सुमारे बावीस तासांनी अल्जीरियातील ओरान येथे पोहोचली. ही हकिकत सामान्यतः कप्तान आर्चिबाल्ड डिक्सन यांच्या माणुसकीची कथा म्हणून सांगितली जाते. ती खोटी नाही. परंतु अपुरी आहे. ती कोठे अपुरी पडते, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यापार आणि युद्ध

‘स्टॅनब्रुक’ मदतकार्यासाठी स्पेनला गेली नव्हती. जॅक बिलमिर यांच्या स्टॅनहोप कंपनीची ही सुमारे १,४०० टनांची जुनी बोट होती. फ्रँकोच्या आरमाराने प्रजासत्ताकाच्या बंदरांची नाकेबंदी केली होती, त्यामुळे तेथे माल नेणे धोक्याचे होते आणि म्हणूनच भाडेही चढे होते. युद्धापूर्वी मोजकीच जहाजे असलेली ही कंपनी याच काळात झपाट्याने वाढली. अलिकान्ते येथे डिक्सन यांना संत्री, तंबाखू व केशर भरावयाचे होते. म्हणजेच जी बोट हजारो लोकांना उपयोगी पडली, तिला तेथे नफ्यानेच आणले होते. गौरवपर लेखनात ही बाब सहसा झाकली जाते.

कप्तानाचे पत्र

एप्रिल १९३९ च्या आरंभी डिक्सन यांनी ‘संडे डिस्पॅच’ या वृत्तपत्रास पत्र लिहिले. अर्धपोटी, फाटक्या वस्त्रांतील, काही तर नुसत्या घोंगड्या पांघरलेल्या माणसांचे वर्णन ते नोंदवहीच्या कोरड्या भाषेत करतात. त्यात अलंकार नाहीत, आत्मगौरव तर मुळीच नाही. मात्र एक तपशील अत्यंत महत्त्वाचा आहे. खरी निकड असेल तरच निर्वासित घ्यावेत, अशी त्यांना सूचना होती; म्हणून त्यांचा निर्णय होत नव्हता. अखेर माणुसकीच्या दृष्टीने त्यांनी लोकांना बोटीवर घेतले, ते ओरानला सर्वांना लवकर उतरविता येईल या अपेक्षेने. एका माणसाचे धैर्य असे दुसऱ्या राष्ट्राच्या सौजन्यावर विसंबून होते.

ओरानचा धक्का

ती अपेक्षा फोल ठरली. फ्रेंच अधिकाऱ्यांनी स्त्रिया व मुले यांना आधी उतरू दिले. बहुसंख्य पुरुष मात्र महिन्याहून अधिक काळ त्याच गर्दीत, अपुऱ्या अन्नपाण्यावर व रोगराईच्या भीतीखाली अडकून पडले. पुढे अनेकांची रवानगी बोघारीसारख्या छावण्यांत झाली. इकडे अलिकान्तेच्या धक्क्यावर जहाजांची वाट पाहणारे हजारो लोक ३० मार्च रोजी इटालियन सैन्य शहरात शिरल्यावर पकडले गेले. सुटकेची कथा ओरानचा किनारा दिसताच संपविली, तर हे दोन्ही समूह इतिहासातून गळतात.

निष्कर्ष

१८ नोव्हेंबर १९३९ रोजी जर्मन पाणबुडीने उत्तर समुद्रात ‘स्टॅनब्रुक’ बुडविली. डिक्सन व सर्व खलाशी मृत्युमुखी पडले. या शेवटामुळे कथेला शोकात्मिकेचा घाट लाभतो आणि वाचकाची सहानुभूती साहजिकच कप्तानाकडे वळते. तो सन्मान त्यांना मिळालाच पाहिजे. परंतु एका व्यक्तीच्या थोरवीत शासनांची जबाबदारी विरघळून जाता कामा नये. डिक्सन यांनी जे करावयाचे ते एका रात्रीत केले. ज्यांच्या हाती बंदरे होती, त्यांना आठवडे लागले. हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवल्याशिवाय ‘स्टॅनब्रुक’चा इतिहास शिकविला असे म्हणता येणार नाही.