खुर्चीतली जातचोरी

बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ही कथा समीक्षकांनी खोलीची कथा करून टाकली. जात चोरली, खोली मिळाली, जात उघडी पडली, मार बसला. खलास. जालन्यात सळईच्या मिलवर रात्रपाळी करून आल्यावर मी ती वाचली, तवा मला दुसरंच दिसलं. दोस्तहो, ही सरकारी नोकरीची कथा आहे. नायक रेल्वेत लागलाय. हजेरीपटावर आपला माणूस आला, पण आपली जात सांगून उभा राहू शकत नाही. मग तो प्रतिनिधी कुणाचा?

बाबासाहेबांनी १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा मिळवल्या. पुढं घटनेच्या १६(४) कलमात 'पुरेसं प्रतिनिधित्व' आलं. हे निव्वळ पोटासाठी नव्हतं. शिक्का ज्याच्या हाती, त्याच्या हाती गोरगरिबाचं जगणं. २०२३ साली आमच्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटीला आरक्षणासाठी उपोषण झालं, ते देशानं पाहिलं. कचेरीत आपलं माणूस पाहिजे, हे आता कुणी हसण्यावारी नेत नाही.

'गुणवत्ता' म्हणणाऱ्यांना माझा एकच सवाल. झाडू देताना गुणवत्ता का इचारत नाही? गटारीत उतरणारे हात बरोबर आपल्याच वस्त्यांत सापडतात. तिथं आपलं प्रतिनिधित्व पुरेपूर!

पण आपलंही बोलू. माझ्या जातीच्या दाखल्यासाठी माय एका कचेरीत चार खेपा हिंडली. टेबलामागचा बाबू आपल्यातलाच. मायनं 'जयभीम' घातला. त्यानं आधी शेजारच्या साहेबाकडं पाहिलं, मग म्हणला, "सोमवारी या." तवा मी चिडलो होतो. बागुल वाचल्यावर कळलं, जात सगळ्यांना ठाऊक असूनही तो ती चोरतच होता.

कथेत काशिनाथही आहे. तो जात लपवत नाही, चाकू बाळगतो. आपण त्याच्यावर फिदा होतो. मला त्याची काळजी वाटते. तो एकटा आहे म्हणून त्याला चाकू लागतो. त्या कारखान्यात दहा काशिनाथ असते तर चाकू घरी राहिला असता, अन् नायकाला जात चोरावी लागली नसती. म्हणून संख्या पाहिजे. बागुल इथवर आणून सोडतात. पुढचं आपण लिहायचं.

तुमच्यातले कितीक पोलीस-तलाठ्याच्या भरतीची तयारी करताहेत. करा. लागा. पण १९५६ साली आग्र्याला बाबासाहेब शिकलेल्यांबद्दल काय बोलले, ते विसरू नका. कुणाची माय टेबलापुढं येऊन 'जयभीम' म्हणली, तर शेजारी पाहू नका. मोठ्यानं 'जयभीम' म्हणा, अन् कागद हातात घ्या.