चालतंय की!

ऑगस्ट २०२४ मध्ये मावसभावाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला : ‘दादा, वुकाँग चालेल का?’ खाली त्याच्या नव्या लॅपटॉपच्या कीबोर्डशेजारी चिकटवलेल्या स्टिकरांचा फोटो. ग्राफिक्सच्या स्टिकरवर नुसतं ‘आरटीएक्स’. कुठलं आरटीएक्स, ते नाही. स्थळ सांगताना ‘मुलगा पुण्यात असतो’ एवढंच सांगावं, तसं.

लॅपटॉप मावशीनं पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेला, इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षासाठी. आणि ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ हा चिनी स्टुडिओ गेम सायन्सचा गेम २० ऑगस्टला येणार होता. पोराला उत्तर लगेच हवं होतं.

आमच्या घरात हा प्रश्न गेली दहा वर्षं माझ्याकडे येतो. त्यामुळे गेमच्या पानावर खाली असतं ते ‘सिस्टम रिक्वायरमेंट्स’चं टेबल मी भरपूर वाचलंय. गेमच्या कथेवर, ग्राफिक्सवर, संगीतावर लोक पानंच्या पानं लिहितात. या टेबलावर कुणी लिहीत नाही. पण माझ्यासारख्या अनेकांसाठी गेमचं पहिलं पान हेच असतं, आणि पुष्कळदा शेवटचंही. म्हणून आज गेमबद्दल नाही, या टेबलाबद्दल.

फोनवर खेळणाऱ्यांना ही भानगड ठाऊक नसते. प्ले स्टोअर सरळ सांगतं की हे ॲप तुमच्या डिव्हाइसवर चालणार नाही, विषय संपला. बीजीएमआयमध्ये तर तुमचा फोन बघून गेमच ठरवतो की फ्रेम रेटचे कुठले पर्याय तुम्हाला द्यायचे. पीसीवर असं कुणी अडवत नाही. पैसे घेतात, डाउनलोड करू देतात. निर्णय तुमचा, टेबल वाचून तुम्हीच घ्यायचा.

आणि त्या टेबलात क्रियापदच नसतं. दोन रकाने : ‘किमान’ आणि ‘शिफारस’. खाली प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, जागा. पण ‘किमान’ म्हणजे किमान एवढं असलं तर काय होईल? गेम उघडेल? की खेळता येईल? किती रेझोल्यूशनवर, सेकंदाला किती फ्रेम्सनी? वर्षानुवर्षं हे लिहायची पद्धतच नव्हती.

मराठीत ही फट नेमकी पकडता येते. एक असतं चालणं आणि दुसरं चालवून घेणं. जुनी स्कूटर चालते, फाटकी छत्री आपण चालवून घेतो. टेबल लिहिणारा पहिलं म्हणतोय असं वाटतं, आणि बहुतेक वेळा तो दुसरं म्हणत असतो. तिसरंही एक आहे, ते कोल्हापुरात शिकलो.

२०१५ सालची गोष्ट. मी पॉलिटेक्निकला होतो. एप्रिलमध्ये ‘जीटीए फाइव्ह’ पीसीवर आला. सात डीव्हीडींचा डबा यायचा, आणि डब्यावर टेबल : किमान ४ जीबी रॅम, इंटेल क्यू ६६०० प्रोसेसर, एनव्हिडियाचं ९८०० जीटी १ जीबी कार्ड, डिस्कवर ६५ जीबी जागा. माझ्याकडे दुसऱ्या पिढीचा आय-३ आणि ४ जीबी रॅम होती, ग्राफिक्स कार्ड नव्हतं. मेसचे दोन महिन्यांचे पैसे इकडचे तिकडे करून मी दुकानात गेलो. दुकानदारानं जीटी ६१०, २ जीबी, असं कार्ड काढलं. मी डब्यावरचं टेबल दाखवून विचारलं, यावर चालेल का? तो म्हणाला, “चालतंय की! त्यात एक जीबी लिवलंय, हे दोन जीबीचं हाय.”

हिशेब बरोबर वाटला. दोन हे एकापेक्षा जास्तच. शिवाय ९८०० जीटी हे २००८ चं कार्ड, जीटी ६१० हे २०१२ चं. नवं आणि दुप्पट.

नंतर कळलं, ९८०० जीटीमध्ये ११२ कोअर होते, जीटी ६१० मध्ये ४८. त्याची मेमरीची वाट २५६ बिट रुंद होती, याची ६४. गोदाम दुप्पट मोठं आणि आत शिरायला बोळ. मुळात जीटी ६१० हे त्याआधीच्या जीटी ५२० चंच नाव बदललेलं रूप. गाणी बघायला, जास्तीचा मॉनिटर जोडायला उत्तम कार्ड. लॉस सँटोस उभं करायला नव्हे.

दुकानदार खोटं बोलला नाही, हे मला आजही मान्य आहे. गेम चालला. ८०० बाय ६०० वर, सगळी सेटिंग तळाला नेऊन. गाडी पुढे जायची आणि रस्ता मागून यायचा. जोरात निघालो की समोरच्या इमारती वितळलेल्या मेणासारख्या दिसायच्या आणि मी त्यात घुसल्यावर त्यांना खिडक्या फुटायच्या. पाऊस सुरू झाला की मी गाडी बाजूला घेऊन थांबायचो, कारण पावसात फ्रेम्स आणखी पडायच्या. शंभरेक तास मी असा खेळलो. पुढे कितीतरी वर्षांनी तोच गेम एका मित्राच्या मशीनवर पाहिला, तेव्हा कळलं की संध्याकाळी डोंगरावरून ते शहर कसं दिसतं. मला ते शहर म्हणजे धुकं आणि कोपरे एवढंच ठाऊक होतं. म्हणजे मी तो गेम खेळलो होतो का? प्रामाणिक उत्तर माझ्याकडे नाही. आवडला होता, एवढं नक्की.

या प्रश्नाचा जगभरातला कुलपुरुष ‘क्रायसिस’. जर्मनीतल्या क्रायटेकनं तो नोव्हेंबर २००७ मध्ये आणला. त्याच्या किमान रकान्यात जीफोर्स ६८०० जीटी आणि १ जीबी रॅम असं साधंच काहीतरी होतं, पण सगळी सेटिंग वर नेली की तेव्हाचं महागडं कार्डही धापा टाकायचं. ‘यावर क्रायसिस चालेल का?’ हा विनोदच झाला. कुणी कॅल्क्युलेटर दाखवला तरी खाली हाच प्रश्न. २०२० मध्ये गेम नव्यानं आला तेव्हा क्रायटेकनं सगळ्यात जड सेटिंगला हेच नाव दिलं. ‘क्रायसिस’च्या जडपणाबद्दल कौतुकानं बोलायची पद्धत आहे, मला त्यातला चुकलेला अंदाज जास्त रंजक वाटतो. तो घडवणाऱ्यांना वाटत होतं की प्रोसेसरचा एकेक कोअर वेगवान होत जाईल. झालं उलटं : वेग अडला आणि कोअरची संख्या वाढली. त्यामुळे कितीतरी वर्षांनंतरच्या मशीनवरही तो काही जागी अडखळत राहिला. ज्या वाचकासाठी लिहिलं, तो वाचक जन्मालाच आला नाही.

त्याच्या तीनच वर्षं आधी, २००४ मध्ये, वाल्वचा ‘हाफ-लाइफ २’ आला होता. तो नव्या कार्डावर देखणा दिसायचाच, पण डायरेक्टएक्स ७ च्या जमान्यातल्या जुन्या कार्डावरही चालायचा; पाण्यातली प्रतिबिंबं साधी व्हायची, गेम तोच राहायचा. गरीब मशीनचा विचार करणं म्हणजे कलेशी तडजोड, असं म्हणणाऱ्यांना मी हा गेम दाखवतो. पण त्याच्या नावानं विनोद तयार झाला नाही. जो सगळ्यांकडे चालतो, त्याची दंतकथा होत नसावी.

आता टेबलं सुधारलीत. रेझोल्यूशन लिहितात, फ्रेम्स लिहितात, चार-पाच रकाने करतात. पण क्रियापद आलं, तसं तळटिपेत कलमही आलं. ‘वुकाँग’चं टेबल घ्या : किमान जीटीएक्स १०६० ६ जीबी, आय-५ ८४००, १६ जीबी रॅम, १३० जीबी जागा. आणि खाली एक ओळ, की ही चाचणी डीएलएसएस, एफएसआर किंवा एक्सईएसएस चालू ठेवून केली आहे. हे अपस्केलिंग. गेम चित्र लहान काढतो आणि मग अंदाजानं मोठं करतो. पडद्यावर १०८० दिसतं, काढलेलं असतं त्याहून कमी. तंत्र म्हणून ते भारीच आहे, मीही वापरतो. पण कमकुवत मशीनला हात द्यायला जे आलं, ते किमान रकान्यातच मुरलं तर कमकुवत मशीनला उरलं काय?

त्यापुढची पायरी फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या कॅपकॉमच्या ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’नं गाठली. त्याच्या शिफारशीच्या रकान्यात १०८० वर ६० फ्रेम्स, आणि त्या फ्रेम जनरेशन चालू ठेवून. म्हणजे दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये एक रचलेली. डोळ्याला ६० दिसतात, पण तुम्ही बटण दाबता ते खऱ्या फ्रेमलाच कळतं. असं तंत्र वापरण्याआधी मुळात ६० च्या आसपास फ्रेम्स असाव्यात, असा सल्ला खुद्द एएमडी देते. तेव्हा हे ‘किमान’ नव्हे, ‘शिफारस’ आहे, हे लक्षात घ्या. चालवून घेणंच ‘शिफारस’ म्हणून छापायचं, हा माझ्या मते या लेखनप्रकारातला अलीकडचा सगळ्यात मोठा लबाडपणा. बरं, याच कॅपकॉमनं गेम येण्याआधी फुकट बेंचमार्क दिला, ही गोष्ट मात्र दहा टेबलांपेक्षा प्रामाणिक होती.

‘किमान’ हा शब्द निसर्गनियमासारखा वाचू नये, हे मला दोन गेमनी शिकवलं. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा किमान रकान्यात जीटीएक्स ७८० आणि ८ जीबी रॅम होती. जून २०२३ मध्ये सीडी प्रोजेक्ट रेडनं जाहीर केलं की आता किमान जीटीएक्स १०६० ६ जीबी, १२ जीबी रॅम आणि एसएसडी. जुन्या हार्ड डिस्कचा पाठिंबा बंद. गेम सुधारत गेला, हे खरं. पण ज्यानं पहिलं टेबल वाचून पैसे दिले, त्याच्या हातातलं पुस्तक तेच राहिलं आणि वाचनालयाची वर्गणी वाढली.

दुसरा, फिनलंडच्या रेमेडीचा ‘ॲलन वेक २’, ऑक्टोबर २०२३. त्यातली दृश्यं मेश शेडर नावाच्या पद्धतीनं उभी राहतात, आणि जीटीएक्स १० मालिकेच्या कार्डांत ती सोयच नाही. १०८० टीआय हे २०१७ चं राजेशाही कार्डही एका दिवसात प्रजेत जमा. पण मार्च २०२४ च्या अपडेटमध्ये रेमेडीनं कोडमध्ये बदल केले आणि याच जुन्या कार्डांवर गेम बऱ्यापैकी खेळता येऊ लागला. कार्ड तेच. कुणीतरी बसून काम केलं, एवढाच फरक. किमान म्हणजे ‘एवढ्यांपर्यंत पोचायला आम्ही वेळ दिला’.

तर मावसभाऊ. मी त्याला टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या टॅबचा फोटो पाठवायला सांगितला. आरटीएक्स ३०५०, ४ जीबी. रॅम ८ जीबी, एकच पट्टी. आणि मला जीटी ६१० आठवलं. तोच सापळा, फक्त उलटा : टेबलात २०१६ चं १०६०, याच्याकडे त्याच्या कितीतरी नंतरचं ३०५०, नाव नवं, पण मेमरी सहाच्या जागी चार. शिवाय लॅपटॉपमधलं कार्ड आणि डेस्कटॉपमधलं कार्ड एकाच नावाचं असलं तरी एक नसतं. आरटीएक्स ४०६० चं लॅपटॉप रूप ३५ वॉटवरही असू शकतं आणि ११५ वॉटवरही. स्टिकर दोघांचं सारखंच. नाव वाचून उत्तर देता येत नाही, ही या टेबलाची मूळ अडचण. कारण त्यात नावांशिवाय काही नसतंच.

सुदैवानं गेम सायन्सनंही फुकट बेंचमार्क काढला होता. पोरानं तो रात्रभर डाउनलोड केला. कॅमेरा जंगलातून, पाण्यावरून फिरत जातो. लढाई नाही, धावपळ नाही. लो सेटिंग, डीएलएसएस चालू, सरासरी चाळीसच्या आसपास. त्यानं हर्षानं स्क्रीनशॉट पाठवला. मी म्हटलं, सरासरी बघू नकोस, सगळ्यात खालचा आकडा बघ. खेळताना मरतोस तो त्या खालच्या आकड्यात. तो बराच खाली होता.

मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. आधी ८ जीबीची दुसरी पट्टी टाक. टेबल १६ मागतंय, आणि दोन पट्ट्या जोडीनं वेगात चालतात. दुसरं, स्टीमवर घे. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मागता येतात. आणि तिसरं, ते दोन तास डोंगर बघण्यात घालवू नकोस. पहिल्यांदा उघडल्यावर शेडर तयार होण्यात मिनिटं जातात, तीही मोजली जातात. सरळ पहिल्या मोठ्या लढाईपर्यंत जा आणि तिथं ठरव.

“पण चालेल ना?” त्यानं विचारलं.

मला जे कळायला शंभर तास लागले, ते याला दोन तासांत ठरवायचं होतं. मी लिहिलं, ‘चालेल का ते कळेल. चालवून घ्यायचं का ते तू ठरव.’

दिवाळीत पट्टी आली, मग गेम आला. पैसे काही त्यानं परत मागितले नाहीत. संक्रांतीला मावशीकडे गेलो तेव्हा तो खेळत होता. पंखा भाजणीच्या गिरणीसारखा घरघरत होता, लॅपटॉपखाली दोन वह्या घालून उंच केलेला. कोपऱ्यातला फ्रेम्सचा आकडा दिसला नाही. विचारलं, तर म्हणाला, बंद करून टाकला.