नाटकाचें नांव आणि अक्षरकार

नाट्यपरीक्षणांत नटापासून नेपथ्यापर्यंत सर्वांची झडती होते. जाहिरातींतील नांवाच्या अक्षरांविषयीं मात्र सहसा एक ओळही नसते. नाशकास प्राध्यापकी केलेल्या वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’ (१९६४) या नाटकाचें अक्षरचिन्ह कमल शेडगे यांनीं रेखाटलें. या नांवांत ‘म’वरील रेषा सलग, ‘ध’वरील तुटलेली. ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’ यांतील भेद बव्हंशीं या रेषेवरच टिकतो. हल्लींचे कित्येक अक्षरकार ती शिरोरेषाच खुशाल उडवितात, आणि वाचक अडखळला कीं त्यालाच अरसिक ठरवितात! शेडग्यांचें वळण नाटकाचा स्वभाव सुचवी, पण वाचकाची वाट अडवीत नसे. वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यांत हें साधणें आम्हांस नेपथ्याहून सोपें वाटत नाहीं.