विलंबिताची ओढ : रोमँटिक सिम्फनीतील लयीचा वाद

पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलेखात सुरांची उंची आणि त्यांची परस्परांच्या तुलनेतील लांबी काटेकोरपणे मांडलेली असते. लय मात्र बहुधा एखाद्या विशेषणाने सांगितलेली असते, आणि ‘संथ’, ‘बरेच संथ’, ‘न रेंगाळता’ अशा विशेषणांचा अर्थ प्रत्येक पिढी आपल्या कानाने लावत आली आहे. मिनिटाला किती ठोके पडावेत हे यंत्राने ठरवून देणारा मेट्रोनोम 1815 मध्ये मेल्झेलने पेटंट केला आणि बेटोवनने 1817 मध्ये आपल्या तोवरच्या आठ सिम्फनींसाठी तसे आकडे प्रसिद्धही केले. पण त्याच्या पुढच्या पिढ्यांतील अनेकांनी, त्यांतही ब्राम्सने, सिम्फनीच्या बाबतीत या यंत्राशी फारकतच घेतली. वाग्नरने 1869 च्या संचालनविषयक निबंधात असे प्रतिपादन केले की, वाद्यवृंदाच्या संचालकाने आधी रचनेतील गाणारी ओळ शोधावी, म्हणजे लय तिच्यातूनच मिळते, आणि ती ओळ बदलेल तशी लयही बदलली पाहिजे. पुढच्या शतकातील संचालकांपैकी फुर्टव्हेंगलर या मताचा मोठा वारसदार ठरला, तर टोस्कानिनी लिहिलेल्या मजकुराच्या बाजूने उभा राहिला. मात्र या दोन नावांची जोडी इतकी घासली गेली आहे की खरा पेच तिच्यामागे झाकला जातो. हा पेच लय लवचीक असावी की ताठ, एवढ्यापुरता नाही. लय एका मर्यादेपलीकडे उतरली की रचना तीच राहते का, असा तो आहे.

गुस्ताव मालरच्या पाचव्या सिम्फनीतील चौथा भाग, ‘अदाजिएत्तो’, या दृष्टीने फार बोलका आहे. 1904 मध्ये कोलोन येथे प्रथम सादर झालेल्या या सिम्फनीत एवढ्याच भागात सुषिर वाद्ये आणि तालवाद्ये पूर्णपणे गप्प असतात; फक्त तंतुवाद्ये आणि एक हार्प वाजते. मालरचा निकटवर्ती असलेल्या विलेम मेंगलबर्गने 1926 मध्ये केलेले या भागाचे ध्वनिमुद्रण सुमारे सात मिनिटांचे आहे, आणि मालरचा सहायक राहिलेल्या ब्रूनो वाल्टरचे 1938 चे व्हिएन्नातील ध्वनिमुद्रण आठ मिनिटांच्या आसपास संपते. उलट बर्नार्ड हायटिंकच्या 1988 च्या बर्लिनमधील ध्वनिमुद्रणाला जवळजवळ चौदा मिनिटे लागतात. सूर तेच, वाद्ये तीच, आणि कालावधी मात्र जवळपास दुप्पट.

जुन्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटेच मावत, म्हणून त्या काळचे संचालक घाईत होते, असे एक स्पष्टीकरण नेहमी दिले जाते, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. तरी दोनऐवजी तीन बाजू वापरायला कोणाची मनाई नव्हती. अधिक पटणारे कारण हे की, या रचनेचा अर्थच मधल्या काळात पालटला. मालरने हा भाग आपली भावी पत्नी आल्मा हिच्यासाठी प्रेमाचे निवेदन म्हणून लिहिला, अशी नोंद मेंगलबर्गने आपल्या स्वरलेखाच्या प्रतीत करून ठेवली आहे. पुढे 1968 मध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या अंत्यविधीत लेनर्ड बर्नस्टाइनने न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये तो वाजवला, आणि 1971 मध्ये व्हिस्कोन्तीच्या ‘डेथ इन व्हेनिस’ या चित्रपटाने त्याला मृत्यूची छाया कायमची चिकटवली. सगळा दोष चित्रपटाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल, कारण हर्मान शेर्खेनने पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी सुमारे नऊ मिनिटांत वाजवलेला हाच भाग 1964 मध्ये फिलाडेल्फियात पंधरा मिनिटांपर्यंत लांबवला होता. शोकाची ही ओढ आधीच हवेत होती. पडद्याने तिला चेहरा दिला एवढेच.

या लांबणीचा परिणाम जवळून पाहायचा तर सुरुवातीचे काही क्षण पुरेत. हार्पचे सुटे सूर पडत असताना पहिली व्हायोलिने तीन चढत्या सुरांनी धून उचलतात, त्या उचलीवरच मालरने गती बरीच रोखायला सांगितले आहे, आणि पुढचा सूर लागताच मूळ लयीवर परतायचे आहे. म्हणजे ही उचल गायकाने समेआधी घेतलेल्या दमासारखी आहे. सात-आठ मिनिटांच्या सादरीकरणात तो दम ऐकू येतो, कारण रोखलेली गती आणि तिच्यानंतरची वाहती गती यांत फरक उरतो; चौदा मिनिटांच्या सादरीकरणात सगळेच इतके रोखलेले असते की वेगळे रोखायला काही शिल्लक राहत नाही. शिवाय व्हायोलिनचा गज ठरावीक लांबीचा असल्याने लांबलेल्या सुरांसाठी वादकांना मध्येच गज उलटवावा लागतो, आणि तो सांधा लपवण्यासाठी प्रत्येक जण वेगवेगळ्या क्षणी उलटवतो. परिणामी एका दमातली ओळ जाऊन तिच्या जागी अखंड, दाट, कुठूनही सुरू न झाल्यासारखा नाद येतो. मेंगलबर्गचे वादक एका सुरावरून दुसऱ्यावर बोट घसरवत, आपल्याकडच्या मींडेसारखे, जातात. ही पोर्तामेंतोची रीत आज अनेकांना भडक वाटते, पण ती गळ्याची रीत आहे आणि वाहत्या लयीतच शोभते.

ख्यालाच्या श्रोत्याला लय अशी ठाय होत जाणे अनोळखी नाही. अब्दुल वहीद खाँ आणि त्यांच्यामागून अमीर खाँ यांच्या झुमरा तालातील गायनाने विसाव्या शतकात विलंबिताची कल्पनाच खोल नेली. मात्र तिथे लय उतरली की गायकाला बढत करायला जागा मिळते आणि दोन मात्रांमधले अंतर तो स्वतःच्या सुचण्याने भरतो. सिम्फनीत सूर आधीच ठरलेले असतात. लय उतरली की नवे काही सुचत नाही, आहे तोच सूर लांबतो, आणि ती लांबी केवळ नादाच्या सौंदर्याने भरून काढावी लागते. बर्लिन वा व्हिएन्नाच्या तोडीच्या वाद्यवृंदांना ते साधते, हीच खरी अडचण आहे : इतका सुंदर नाद हाताशी असला की ओळ हरवल्याची चुटपुट कोणालाच लागत नाही. आणि ओळ हरवली की पुढचेही बिघडते, कारण ‘अदाजिएत्तो’ न थांबता अंतिम भागात मिसळतो आणि त्याचीच एक धून तिथे चपळ, हसऱ्या रूपात परतते. मूळ धून चौदा मिनिटांच्या ओढीत विरघळून गेलेली असेल, तर ही ओळखीची भेट श्रोत्याच्या ध्यानातही येत नाही.

चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीच्या अंतिम भागाबाबत वाद एका शब्दावर येऊन ठेपतो. छापील प्रतींत तो ‘अदाजो’, म्हणजे संथ, असा आहे. हस्तलिखितातील मूळ शब्द मात्र चालत्या लयीचा ‘अन्दान्ते’ होता आणि बदल दुसऱ्याच्या हातचा आहे, असे काही संपादकांचे मत आहे. म्राविन्स्कीने लेनिनग्राडच्या वाद्यवृंदाकडून तो सुमारे दहा मिनिटांत वाजवून घेतला, बर्नस्टाइनने 1986 मध्ये सुमारे सतरा. पहिल्यात दुःख धडकते, दुसऱ्यात ते न्याहाळले जाते. बर्नस्टाइनचे हे धाडस भारावून टाकते खरे, पण वारंवार ऐकण्याजोगे राहते का, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

अतिसंथपणाची सर्वांत समर्थ बाजू संचालक चेलिबिदाकेने मांडली, आणि तीही वाजवून. ब्रुकनरची आठवी सिम्फनी फान बाइनमच्या 1955 च्या ध्वनिमुद्रणात सुमारे बहात्तर मिनिटांत होते, तर चेलिबिदाकेच्या 1993 च्या म्युनिकमधील सादरीकरणाला शंभराहून अधिक मिनिटे लागली. लय हा घड्याळाचा विषयच नव्हे, सभागृहात घुमणाऱ्या नादातील सगळे तपशील कानाला उलगडायला जेवढा वेळ लागतो तेवढी लय, असे तो म्हणे. म्हणूनच तो ध्वनिमुद्रणाला विरोध करी, आणि आज त्याला केवळ ध्वनिमुद्रणावरून जोखले जाते हा दैवदुर्विलास आहे. ब्रुकनरपुरते त्याचे म्हणणे मान्य करावे लागते. तिथे धून वाहत नाही, नादाचे थर एकावर एक चढतात, आणि थरांना वेळ दिल्याने ते मोडत नाहीत. मालरच्या गाणाऱ्या ओळीला हा न्याय लावला की ती गुदमरते.

गेल्या काही दशकांत नॉरिंग्टन, मॅकेरस आदी संचालकांनी जुनी वाद्ये वा लहान वाद्यवृंद घेऊन ब्राम्सलाही हलके केले, आणि त्याची चौथी सिम्फनी 1885 मध्ये मायनिंगेनच्या सुमारे पन्नास जणांच्या वाद्यवृंदाने प्रथम वाजवली होती, हा त्यांचा आधार पक्का आहे. तरी त्यांच्या अनुयायांपैकी काहींनी वेग वाढवताना लवचीकताही काढून टाकली, आणि त्यासाठी ब्राम्सचा आधार मिळणे कठीण आहे. या सिम्फनीच्या हस्तलिखितात त्याने लय कुठे सैल सोडावी आणि कुठे पुढे रेटावी याच्या खुणा पेन्सिलीने केल्या होत्या, आणि 1886 च्या आरंभी व्हायोलिनवादक योआखिमला लिहिताना सांगितले होते की, रचना नवी असताना वादकांना अशा खुणांचा उपयोग होतो, ओळख झाल्यावर त्यांची गरज उरत नाही. छापताना त्या खुणा गेल्या. पुढच्या संचालकांपैकी अनेकांनी त्या कोऱ्या जागेचा अर्थ ‘इथे काहीही बदलू नये’ असा घेतला.