अश्मदाईचे पाय

ज्यू दंतकथा वाचायच्या म्हटलं की वाचक परीकथांच्या पुस्तकाकडे वळतो. मी त्याला बाबिलोनी तालमूद या ज्यू धर्मशास्त्रग्रंथाच्या ‘गित्तीन’ या खंडाच्या अडुसष्टाव्या पानावर नेईन. खंडाचा विषय घटस्फोटाची कागदपत्रं. त्या कायदेशीर काथ्याकुटाच्या मधोमध राजा शलमोन आणि पिशाच्चांचा राजा अश्मदाई यांची गोष्ट सुरू होते. अरामी भाषेतली तोकडी वाक्यं, वर्णनाला जवळजवळ फाटा. सांगणाऱ्याचं सगळं कसब एकाच गोष्टीत आहे: कोणती माहिती केव्हा हातात द्यायची.

निमित्त साधं. यरुशलेमचं मंदिर उभारताना लोखंडी हत्याराचा आवाज होता कामा नये, म्हणून दगड चिरायला ‘शामीर’ हवा. भाष्यकार रशी (1040–1105) त्याला किडा मानतो. तालमूदच्याच दुसऱ्या एका खंडात तो लोकरीत गुंडाळून, जवाच्या कोंड्यानं भरलेल्या शिशाच्या नळीत ठेवायचा असतो, अशी माहिती मिळते. त्याचा पत्ता कुणाला असलाच तर अश्मदाईला. आणि हा अश्मदाई असतो कुठे? डोंगरावर त्यानं पाण्याचा खड्डा खणलाय, वर खडक ठेवून आपली मोहोर लावलीय. रोज तो आधी स्वर्गातल्या पाठशाळेत जाऊन शिकतो, मग पृथ्वीवरच्या पाठशाळेत. परतल्यावर मोहोर तपासून पाणी पितो. कथेतला खलनायक नियमित विद्यार्थी आहे, ही गंमत निवेदक एका वाक्यात उरकतो. तिच्याकडे बोटसुद्धा दाखवत नाही.

शलमोनाचा सेनापती बनाया त्याला पकडायला निघतो तेव्हा सोबत चार वस्तू असतात: देवाचं नाव कोरलेली साखळी, तसंच नाव कोरलेली अंगठी, लोकरीचे गुंडे आणि द्राक्षदारूच्या पखाली. मोहोरेला तो हात लावत नाही. खालच्या अंगाला खड्डा खणून पाणी काढून घेतो, ते भोक लोकरीनं बुजवतो. वरच्या अंगाला दुसरा खड्डा खणून तिकडून दारू सोडतो. दोन्ही खड्डे बुजवून झाडावर चढून बसतो. अश्मदाई येतो. मोहोर शाबूत, आत दारू. तो लगेच धर्मग्रंथातली वचनं म्हणतो. त्यांतलं पहिलं ‘नीतिसूत्रे’तलं, म्हणजे परंपरेनं शलमोनाच्याच नावावर असलेलं, दारू माणसाला भ्रमात टाकते अशा अर्थाचं. शलमोनाचा इशारा घोकत तो शलमोनाच्याच सापळ्यापाशी उभा असतो! तहान अनावर होते, तो पितो, झोपतो, साखळी पडते. चारांतल्या तीन वस्तू कामी आल्या. अंगठी तेवढी उरली. ती लक्षात ठेवावी.

मला या गोष्टीतला सर्वांत अव्वल भाग वाटतो तो यरुशलेमच्या वाटेचा. बांधलेला अश्मदाई एका खजुराला अंग घासतो, झाड कोसळतं; घराला घासतो, घर पडतं. मग एका विधवेची झोपडी. ती बाहेर येऊन विनवते, तसा तो अंग इतकं वाकडं करतो की त्याचंच हाड मोडतं. रस्ता चुकलेल्या आंधळ्याला तो वाटेला लावतो, तशाच चुकलेल्या दारुड्यालाही. लग्नाची वरात पाहून रडतो. चांभाराकडे सात वर्षं टिकतील असे जोडे मागणारा दिसतो, तेव्हा हसतो. जादूटोणा करणाऱ्याला पाहूनही हसतो. खुलासा एकाचाही नाही. मध्ये राजाच्या भेटीसाठीचे तीन दिवस जातात, शामीरचा शोध होतो, शामीर राखणाऱ्या रानकोंबड्याचा करुण अंतही होऊन जातो; मग कुठे बनाया विचारतो. आंधळा पुण्यवान होता, त्याला सुख देणाऱ्याला परलोक लाभतो. दारुडा पुरता पापी, म्हणून त्याच्या वाट्याचं सुख इथंच संपवून टाकलं. नवरदेवाला तीस दिवसांचं आयुष्य आहे, आणि वधूला लहानग्या दिराशी लग्नासाठी तेरा वर्षं थांबायचंय. जोडेवाल्याकडे सात दिवसही नाहीत. जादूगार राजाच्या पुरलेल्या धनावर बसला होता आणि त्याला पत्ता नव्हता. आंधळ्याशी आणि दारुड्याशी कृती हुबेहूब एक, कारणं नेमकी उलट. उत्तर लांबवल्याशिवाय हा झटका बसला नसता. विधवेबद्दल मात्र बनाया विचारत नाही. निवेदकाचा संयम इथं कळतो.

दरबारातल्या प्रसंगावर थोडक्यात: अश्मदाई वेतानं चार हात जागा मापून वेत राजापुढे फेकतो. मेल्यावर तुझी एवढीच, तरी जग जिंकून पोट भरलं नाही म्हणून मलाही धरलंस? आपल्याकडे साडेतीन हात म्हणतात. यरुशलेमचा हिशेब किंचित उदार.

मंदिर पुरं झाल्यावर एकांतात शलमोन अश्मदाईला विचारतो, तुम्ही आमच्याहून श्रेष्ठ कशात? साखळी काढ आणि अंगठी दे, दाखवतो. उरलेली अंगठी इथं लागते. एक पंख जमिनीवर, एक आभाळाला, आणि राजा चारशे फरसख दूर; सिंहासनावर अश्मदाई. मग शलमोन दारोदार भीक मागतो, मी यरुशलेममध्ये राजा होतो, एवढंच सांगत. सान्हेद्रिनच्या न्यायाधीशांचा तर्क पाहा: वेडा एकाच गोष्टीला चिकटून राहत नाही, मग हा का राहतो? ते बनायाला विचारतात, राजा तुला बोलावतो का? नाही. राण्यांना निरोप जातो, पाय बघा. पिशाच्चांचे पाय कोंबड्यासारखे, ही तालमूदातली समजूत. उत्तर येतं: तो पायमोजे घालूनच येतो. शिवाय विटाळाच्या दिवसांतही मागणी करतो, आई बथशेबेलाही सोडत नाही. दोन पाठशाळांत रोज शिकणारा सिंहासनावर बसताच शास्त्र गुंडाळून ठेवतो, हा डंख निवेदकानं चौकशीच्या जबाबात लपवला आहे.

न्यायाधीशांनी दिलेली, देवाचं नाव कोरलेली अंगठी-साखळी घेऊन शलमोन परततो, अश्मदाई उडून जातो. तरी रात्रीच्या भीतीनं राजाच्या पलंगाभोवती साठ शूर तलवारी घेऊन उभे असतात. शेवटी रव आणि शमुएल या दोन आचार्यांचा वाद येतो. एक म्हणतो, शलमोन आधी राजा, मग सामान्य माणूस. दुसरा म्हणतो राजा, सामान्य माणूस, पुन्हा राजा. कुणाचं मत कोणतं, हे तालमूद सांगत नाही आणि निवाडाही करत नाही. ते साठ पहारेकरी वाचल्यावर मी पहिल्याच्या बाजूचा.